बुऱ्हाणपूर : तटाच्या आतून

आपल्याकडे बुऱ्हाणपूरची ओळख दोन वाक्यांत संपते. एक, मुमताज महल तिथे वारली. दोन, संभाजीराजांनी गादीवर आल्याआल्या ते लुटलं. पहिलं वाक्य गाईडचं, दुसरं आपलं. आपल्या बाजूचं वाक्य तर पाठच असतं. लुटलेलं गाव कसं होतं, हे मात्र आपण कधी विचारत नाही. तेवढ्यासाठी एका शनिवारी एकटाच गाडी काढून गेलो.

रावेर सोडलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मग राज्याची हद्द, मग पुन्हा केळीच! हद्द बदलली तरी शेत बदलत नाही. बदलेल कसं? हाही खानदेशच, आणि फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशाची राजधानी इथेच होती. दौलताबादजवळ खुलदाबादला ज्यांची कबर आहे, त्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून या शहराचं नाव पडलं.

सकाळी आधी जामा मशीद गाठली. आत अरबी लेख आहे हे अपेक्षितच, पण सोबत चक्क संस्कृत शिलालेख! नागरी लिपीत, शके १५११ चा, म्हणजे १५९० च्या सुरुवातीचा. बांधणाऱ्या आदिलशाह फारुकीची वंशावळ आणि मुहूर्त, तोही तिथी-नक्षत्रासकट. पुढे १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि हे राज्य मुघलांचं झालं. सातपुड्यातून दक्षिणेत उतरणारी वाट आणि तापी यांच्या बेचक्यात शहर बसलंय. दख्खनवर स्वारी म्हटली की मुक्काम बुऱ्हाणपुरातच.

शाहजहानही असाच मोहिमेवर आला होता. १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथेच गेली. तिला नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत तात्पुरतं दफन केलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. शाही किल्ल्याची पार पडझड झालीय, पण हमामखान्याच्या छतावरचे रंग अजून दिसतात.

आमच्या धंद्यातल्या माणसाला वेड लागावं अशी जागा म्हणजे कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, दोहे लिहिणारा तो रहीम खानखाना इथे सुभेदार असताना केलेली पाण्याची योजना. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारातून शहराकडे आणायचं, आणि तेही निव्वळ उतारावर. वरून बघितलं तर विहिरींची रांग दिसते. खाली सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. शंभराच्या वर कुंड्या! चारशे वर्षांनी त्यात अजून पाणी आहे. आपला कोड चार वर्षं टिकला तर आपण पार्टी मागतो, असो.

दुपारी मावा जिलबी खाताना दुकानदाराने विचारलं, "मुमताजचं बघायला आले का भाऊ?"

म्हटलं, "नाही, बहादरपूर बघायला."

"तिथं काय आहे बघण्यासारखं?"

बरोबर होतं त्याचं. काहीच नाही. शहराला लागून असलेलं एक साधं गाव. पण १६८१ मध्ये हे तटाबाहेरचं श्रीमंत उपनगर होतं, सराफ-सावकारांचं. इथल्या भागातलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, अगदी पोलंडपर्यंत जातं, असं तॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. १६ जानेवारी १६८१ ला संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला आणि दोन-अडीच आठवड्यांत मराठी फौज इथे येऊन धडकली. बहादरपूर आणि आणखी सतरा पुरे तीन दिवस लुटले गेले. तटाच्या आतलं शहर वाचलं.

खाफीखान हा मुघल बाजूचा इतिहासकार, आणि त्याने लिहिलं तेही बऱ्याच वर्षांनी. म्हणजे मीठ-मसाला गृहीत धरायचा. पण त्याचे तपशील बघा. आतल्या काकरखानाला जळत्या पुऱ्यांचा धूर दिसत होता, पण बाहेर पडण्याइतकी फौज नव्हती, म्हणून त्याने दरवाजे लावून घेतले. किल्ल्याजवळचे लोक बायकापोरांचे हात धरून आत पळाले. घराघरांतून पुरलेल्या पेट्या निघाल्या, आणि त्यातल्या काही तर खुद्द घरमालकालाही माहीत नव्हत्या.

मोहिमेमागचा हिशोब मला कळतो. समोर औरंगजेब, त्याच्या दख्खनच्या दारातली ही पेढी, आणि नव्या राजाला खजिना हवाच. सुरत काय वेगळी होती? पण पेटी पुरणारा आजोबा आणि ती उकरली जाताना बघणारा नातू, यांच्यापैकी कुणी औरंगजेब नव्हता. हेही त्याच लढाईचं सत्य आहे, आणि ते मान्य केल्याने शंभूराजे लहान होत नाहीत.

शहरातल्या प्रतिष्ठितांनी बादशहाला लिहिलं की आमची मालमत्ता आणि अब्रू गेली, आता जुम्म्याचा नमाज बंद पडेल. त्याच वर्षी शहजादा अकबरही बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला. नोव्हेंबर १६८१ मध्ये औरंगजेब याच बुऱ्हाणपुरात दाखल झाला. पुढे तो दक्षिणेत उतरला तो परत उत्तरेत गेलाच नाही. १७०७ मध्ये नगरला मेला. मधली पंचवीस वर्षं तटाबाहेर राहण्याची पाळी आपल्या गावांवर होती.

बहादरपुरात फोटो काढण्यासारखं खरंच काही नाही. तरीही बुऱ्हाणपूरला गेलात तर अर्धा तास तिथे थांबा, आणि तिथून शहराच्या तटाकडे बघा. धूर किती जवळून दिसला असेल, ते कळतं.