हेमू अधिकारी

लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र ऊर्फ हेमू अधिकारी (१९१९–२००३), जन्म पुण्याचा. रंगभूमीवरचे हेमू अधिकारी वेगळे; नामसाधर्म्यामुळे घोटाळा होतो. हे क्रिकेटपटू; भारताकडून २१ कसोट्या खेळले. १९५२ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमद यांच्यासह त्यांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या, स्वतः नाबाद ८१. १९५८-५९च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. चौथे हे, वय ३९. त्या मालिकेतल्या दिल्ली कसोटीत ६३ आणि ४० धावा, शिवाय तीन बळी. तीच त्यांची अखेरची कसोटी.

पुढे आला तो १९७१चा इंग्लंड दौरा. त्यात अधिकारी भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. इंग्लिश फुटबॉलमधल्या मॅनेजरसारखी संघनिवडीची सत्ता त्यांच्या हाती नव्हती, पण सरावावर मात्र फौजी शिस्तीची छाप होती, विशेषतः क्षेत्ररक्षणावर. भारताच्या सोलकरांनी ओव्हल कसोटीत टिपलेला इंग्लंडच्या नॉटचा झेल सर्वांनाच आठवतो; त्यामागच्या कवायतीचे श्रेय क्वचितच कुणी देतो. कर्णधार वाडेकरांच्या संघाने ती मालिका १–० जिंकली. १९७४च्या दौऱ्यावरही व्यवस्थापक अधिकारीच. तेव्हा लॉर्ड्‌सवर भारत ४२ सर्वबाद आणि मालिकेत ०–३ असा पराभूत.