डोक्याला मार लागल्यानंतरचं घर

दशाश्वमेधाकडून निघालं की अहिल्याबाई घाट, मग मुन्शी घाट, पुढे दरभंगा. श्रीधर नारायण मुन्शींच्या नावाच्या या घाटामागच्या गल्लीत मी सून म्हणून आले. आजाऱ्याला काशीला आणायची रीत फार जुनी. धर्मशाळा, अन्नछत्र, गंगास्नान अशी सगळी सोय; पण ती शेवटचे दिवस मोजणाऱ्यांसाठी. डोक्याला मार लागून जो वाचला, त्याच्यासोबत संसार कसा करायचा, हे इथे कुणी शिकवत नसे.

आमचे हे स्कूटरवरून पडले. ऑपरेशन चांगलं झालं, घरी आले. रामरक्षा धडाधड म्हणत, पण आत्ताच चहा घेतलाय हे लक्षात राहत नसे. पुन्हा मागत, नाही म्हटलं की पेला भिंतीवर. सासूबाई म्हणत, स्वभाव बिघडला. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की माणूस असा होऊ शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर फक्त गोळ्या.

हे ज्ञान जगातही बरंचसं घरच्यांनीच उभं केलंय. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढली. त्यांची लेक मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे कोवळ्या मेंदूलाच झालेली इजा. १९७९मध्ये इंग्लंडात डोक्याला मार लागलेल्यांसाठी ‘हेडवे’ ही संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॅरिलिन स्पिव्हॅक या आईने मुलीच्या अपघातानंतर अशीच राष्ट्रीय संस्था उभारली. आपल्याकडे जोधपूरच्या राजघराण्यातल्या गजसिंहांचा मुलगा शिवराज २००५ साली पोलो खेळताना पडला, आणि २००७मध्ये इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन निघालं. राजवाड्यातही तोच प्रश्न होता, आमच्या गल्लीतही तोच.

काशीत १९९०पासून ‘किरण’ आहे. सिस्टर संगीता यांनी अपंग मुलांसाठी सुरू केलेली ही संस्था आता माधोपूरला आहे. मोठ्या माणसांसाठी तसं काही व्हावं, असं मला मनापासून वाटतं. २०१६च्या कायद्यात एकवीस अपंगत्वं मोजली, पण डोक्याच्या दुखापतीची वेगळी नोंद नाही. हात, पाय, वाचा अशा कुठल्या तरी खान्यात ती बसवावी लागते.

मला एका थेरपिस्ट बाईंनी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर दिवसाची कामं लिहायला शिकवलं. चहा झाला की ह्यांनीच खूण करायची. पेले फुटायचे थांबले. आता घाटावरच्या कुणा नावाड्याच्या घरी असा माणूस आला की मी तसंच कॅलेंडर घेऊन जाते आणि सांगते: एका वेळी एकच गोष्ट सांगा, उत्तराला वेळ द्या, आणि पायऱ्यांवर एकट्याला सोडू नका.