करमाळ्याच्या खडकापासून समुद्रतळापर्यंत : प्रस्तावना

करमाळा तालुक्यात विहीर खणताना मुरूम संपला की कुठे मांजऱ्या लागतो, कुठे काळा पाषाण; दोन्ही बेसाल्टचेच प्रकार. मांजऱ्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे भरलेले असतात. त्यांतल्या कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. पाण्यात विरघळलेला वायू बेसाल्टमधल्या कॅल्शियमला भेटला आणि खनिज होऊन दगडातच राहिला. धुराड्यांतून पकडलेला वायू कुठे ठेवायचा, या प्रश्नाचा अभ्यास करमाळ्यातूनही सुरू करता येतो, तो यामुळे.

पहिला विचार समुद्राचा झाला. १९७७ साली चेझारे मार्केटी यांनी हा वायू खोल समुद्रात सोडण्याची कल्पना मांडली. सुमारे ३००० मीटरखाली द्रवरूप कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्याहून जड होतो. मग तो तळाशी बसून राहील, असे वाटणे स्वाभाविक होते. १९९८ मध्ये पीटर ब्रुअर यांच्या गटाने कॅलिफोर्नियाजवळ सुमारे ३६०० मीटरवर तो एका चंचुपात्रात ओतला. पाण्याशी संयोग होऊन बर्फासारखे हायड्रेट बनले, द्रव फुगून काठावरून सांडला आणि त्याचे गोळे तळावर घरंगळत गेले. शिवाय तो हळूहळू विरघळतो, पाणी आम्लधर्मी करतो आणि तळाच्या जीवांवर संकट आणतो. समुद्रात टाकाऊ पदार्थ सोडण्यावर बंधने घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराच्या २००६ च्या दुरुस्तीने फक्त समुद्रतळाखालच्या खडकात साठवणुकीला वाट दिली. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

तळाखालीही खडकाखडकांत फरक आहे. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून वालुकाश्मात वायू भरला जातो. तिथे वरच्या अभेद्य थरावर भिस्त असते. बेसाल्टमध्ये वायूचा दगडच होतो. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ साली भरलेल्या वायूपैकी सुमारे ९५ टक्के दोन वर्षांत खनिजरूप झाला. पण त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्याने ते कुठून आणायचे? आणि ज्या खडकात आपल्या विहिरींचे झरे आहेत, तिथे प्रयोग किती करायचे?

म्हणून पुन्हा समुद्राकडे, या वेळी तळाच्या खाली. २०१५ मध्ये पीटर क्लिफ्ट आणि गोव्याच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातील धनंजय पांडे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेने अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात छिद्र घेतले. साडेतीन किलोमीटर पाणी, त्याखाली किलोमीटरभर गाळ, आणि मग बेसाल्ट. ती मोहीम कार्बनसाठी नव्हती. पण खाली बेसाल्ट, वर गाळाचे जाड झाकण आणि भोवती हवे तेवढे खारे पाणी ही मांडणी विचार करण्याजोगी आहे. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, थंड खडकात अभिक्रिया किती वेगाने होईल, भेगांतून गळती झाली तर ती कशी ओळखायची, खर्च कोण उचलणार, हे प्रश्न खुले आहेत.

रसायन, भूशास्त्र, समुद्रविज्ञान, कायदा, ज्या दाराने जमेल त्या दाराने या विषयात या. फक्त एक विनंती : किती वायू मावेल हे आकडे पाहण्याआधी गळतीविषयी जे लिहिले गेले आहे ते वाचा.