आजोबांचा बांध

आमच्या आजोबांना जाऊन पन्नास वर्षं झाली. १९७५ च्या मार्गशीर्षात, भात झोडून घरात आल्यावर ते गेले. आता घरातली मुलं त्यांना भिंतीवरच्या फोटोतूनच ओळखतात. मध्यंतरी धाकट्या भाच्याने विचारलं, "आत्या, पणजोबा स्वातंत्र्यसैनिक होते का गं?" नव्हते. त्यांच्या नावावर ताम्रपट नाही, पेन्शन नाही, तुरुंगवासही नाही. ते चरीच्या संपातले एक साधे कूळ होते. पण चरीचा संप म्हणजे काय, हे आपल्याच घरात आता कुणाला नीट सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं.

संप म्हटलं की गिरणीचा भोंगा आठवतो. हा संप शेतकऱ्यांचा होता. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड. अलिबाग तालुक्यात जमिनी खोतांच्या आणि सावकारांच्या, राबायची कुळं. पिकलेल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या खळ्यावर जाऊन पडे. शिवाय वेठ असायचीच. याविरुद्ध नारायण नागू पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये चरी गावच्या सभेत ठरलं, की खोताची जमीन कसायची नाही. आसपासची पंचवीस गावं संपात उतरली. हा संप १९३९ पर्यंत चालला.

मी इतिहास शिकवत असे तेव्हा वर्गाला हा संप तोंडीच सांगायची. मुलं हमखास विचारत, "बाई, इतकी वर्षं लोकांनी खाल्लं काय?" त्याचं उत्तर मला आजीकडून मिळालं होतं. डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून विकायच्या, खाडीत निवट्या धरायच्या, मिळेल तिथे मजुरीला जायचं. पहिल्याच वर्षी बैलजोडी विकली. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यांची शाळा सुटली ती कायमचीच.

पण आजी म्हणायची, पोट कसंही भरलं, त्यांना खाल्लं ते मृगाने. पाऊस पडला, मातीचा वास सुटला, आणि नांगर मात्र माळ्यावर. ज्याने जन्मभर दुसरं काही केलं नाही त्याने शेत पडीक पडताना बघायचं. आजोबा त्या दिवसांत घरात कुणाशी बोलत नसत.

आमची शेती खारपाटातली, धरमतर खाडीच्या बाजूची. बाहेरच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तिथे शेत आणि खाडी यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध असतो. उधाणाच्या भरतीला त्यावर लक्ष ठेवावं लागतं. खेकड्याने केलेलं भोक वेळेवर बुजवलं नाही तर त्याची खांड होते आणि खारं पाणी आत शिरतं. संपाच्या काळात बांधाची डागडुजी थांबली. दुसऱ्या पावसाळ्यात खांड पडली. पुढे जमीन पुन्हा कसायला मिळाली तेव्हा नुसतं मीठ धुऊन निघायला चार पावसाळे गेले. मग कुठे राता भात नीट उभा राहिला. संप १९३९ मध्ये मिटला असं आपण वाचतो, पण आमच्या घरात तो त्यानंतरही चार वर्षं चालूच होता.

या सोसण्यातून काय निघालं? १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ते विधेयक संमत झालं नाही, पण विषय आता दाबून राहणारा नव्हता. १९३९ च्या कायद्यात 'संरक्षित कूळ' हा शब्द आला. पुढे १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. किंमत मात्र भरायची होती. आजोबांनी ती हप्त्याहप्त्याने फेडली. कलम '३२ म' चा दाखला त्यांनी मेणकापडात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला होता. त्यांना वाचता येत नव्हतं. मी चौथीत गेल्यावर माझ्याकडून तो दर दिवाळीला वाचून घेत.

मालक झाले तरी अमावास्या-पुनवेला बांधावर जायचं त्यांनी सोडलं नाही. खांद्यावर फावडं, हातात कंदील. बांध आमच्या शेताला लागून, पण त्याच्या आत आणखी कितीतरी जणांची शेतं. खांड पडली की सगळ्यांचंच मीठ होणार!

ते गेले त्या दहाव्या दिवशी कावळा काही शिवेना. एकेकाने एकेक बोलून पाहिलं. नातवंडांची लग्नं करू, आईला सांभाळू. कावळा आपला झाडावरच. शेवटी वडील पुढे झाले आणि म्हणाले, "बाबा, बांध आम्ही राखू." तोवर मला या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं नाही. पण कावळा शिवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

असो. आता थोडं घरातल्या मंडळींसाठी. जमीन विकायचं तुमच्या मनात आहे हे मला कळलंय. सातबाऱ्यावर आम्हा बहिणींचीही नावं आहेत, तेव्हा सही लागेल. कुळकायद्याने मिळालेली जमीन घेऊन दहा वर्षं झाली असली, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. आकार इतका थोडा, की चाळीस पट केला तरी रक्कम किरकोळच. तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. मुलांची शिक्षणं आहेत, शेतीत काही उरत नाही हेही खरं. वरच्या तुकड्यांसाठी मी सही अडवणार नाही.

पण बांधाला लागलेलं शेत ठेवावं, असं माझं म्हणणं आहे. घेणारा मुंबईचा असेल, तो उधाणाला कंदील घेऊन येणार नाही. बांध फुटला तर आतल्या शेजाऱ्यांची शेतं जातील. त्यांच्याही आजोबांनी पडीक शेतं बघत तो काळ काढला आहे. आणि शब्द आपल्या घराने दिला होता.