खुशालीपत्राची कुळकथा

मराठी घरांत 'खुशालीचे पत्र' म्हणून ओळखले गेलेले पत्र, म्हणजे ज्यात काही मागणे नाही, तक्रार नाही, व्यवहार नाही, तर घरातली सगळी माणसे बरी आहेत, गाय व्याली, धाकटीचा चौथीचा निकाल लागला आणि मे महिन्यात सगळे गावी येणार आहेत एवढेच कळवायचे असते असे पत्र, पाहणाऱ्याला फार प्राचीन वाटते. त्याची भाषा खरोखरच जुनी आहे. परंतु कामावाचून पत्र लिहिण्याची सवय सर्वसामान्य मराठी कुटुंबाला लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ती लागण्याचे कारण भावनेइतकेच टपालाच्या दरात सापडते.

भाषेचा उगम आधी पाहावा लागतो. पत्र कोणी कोणाला कसे लिहावे याचे नियम संस्कृत परंपरेत बांधलेले होते. वररुचीच्या नावावर असलेल्या 'पत्रकौमुदी' या ग्रंथात गुरूला सहा, स्वामीला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, सेवकाला दोन आणि पुत्राला वा पत्नीला एक अशा संख्येने 'श्री' लिहावेत असे सांगितले आहे. गुजरातेत मध्ययुगात संकलित झालेल्या 'लेखपद्धति' या नमुनासंग्रहात जमिनीच्या दस्तांबरोबरच घरगुती पत्रांचेही मासले आहेत. मराठी राज्यात या परंपरेला फारसी दरबारी पत्रलेखनाची जोड मिळाली आणि त्यांतून मायना, म्हणजे पत्राच्या आरंभी येणारा नाते व मान दाखवणारा ठराविक मजकूर, पक्का झाला. वडीलधाऱ्याला वा आश्रयदात्याला लिहिणारा स्वतःस 'पोष्य' म्हणवी, म्हणजे ज्याचे पोषण समोरच्याने केले तो. मग 'कृतानेक साष्टांग नमस्कार' येत, आणि 'विनंती उपरी येथील कुशल तागायत छ' अमुक 'पर्यंत जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत असावे' हे वाक्य येई. यातील 'छ' हे अक्षर मुसलमानी महिन्याच्या चंद्राची तिथी दाखवते, आणि 'तागायत' म्हणजे त्या दिवसापर्यंत.

या वाक्याकडे बारकाईने पाहिले तर त्यात केवळ शिष्टाचार नाही हे ध्यानात येते. पत्र पोहोचायला आठवडे लागत असताना 'आम्ही खुशाल आहोत' असे विधान करणे कोणालाच शक्य नव्हते; फार तर अमुक तिथीपर्यंत खुशाल होतो एवढेच प्रामाणिकपणे सांगता येई, आणि ते तेवढेच सांगण्याची दक्षता या मायन्याने घेतली आहे. तिथीने मर्यादा घातलेली ही खुशाली मराठी पत्रव्यवहारातील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक मानायला हरकत नाही.

ही पत्रे जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर बोरूने, मोडी लिपीत, बहुधा कारकुनाच्या हातून लिहिली जात आणि जासूदांच्या जोडीबरोबर किंवा त्या वाटेने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर रवाना होत. वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेत प्रसिद्ध केलेल्या पटवर्धन घराण्याच्या कागदांत स्वारीवरचा माणूस छावणीतील हालहवाल आणि घरच्या गोष्टी एकाच पत्रात लिहिताना दिसतो. तरीही हा सरदारांचा, मुत्सद्द्यांचा आणि सावकारांचा व्यवहार होता. कुणब्याच्या घरात कागद येत नसे. तेथे बातमी येई ती वारकरी, यात्रेकरू, व्यापारी यांच्या तोंडून, आणि सासुरवाशिणीला माहेरची खबर कळे ती तिला न्यायला आलेल्या मुऱ्हाळ्याकडून. जात्यावरच्या ओव्यांत भावाची, माहेरच्या गाईगुरांची, दारातल्या झाडांची जी विचारपूस सतत येते, ती न लिहिलेली खुशालीपत्रेच होत, आणि या पत्रप्रकाराची कुळकथा सांगताना दरबारी मायन्याइतकाच मान या ओव्यांना दिला पाहिजे.

टपाल सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते याचा पुरावा दरांत आहे. कंपनी सरकारच्या 1837 च्या कायद्यानंतर टपालखर्च अंतर आणि वजन या दोन्हींवर ठरे, आणि एक तोळा वजनाचे पत्र कलकत्त्याहून मुंबईला धाडायला एक रुपया पडे. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत, 1 ऑक्टोबर 1854 पासून, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर कोठेही अर्धा आणा असा एकच दर लागू झाला. अंतराची किंमत अशी एका फटक्यात नाहीशी झाली. बिनतिकिटाचे पत्र घेणाऱ्याने दुप्पट पैसे भरून सोडवून घ्यायचे अशी तरतूद होती. मराठीत 'नॉटपेड' हा शब्द रुळला तो अशा पत्रांमुळे.

तथापि खुशालीपत्राचा खरा जन्म 1 जुलै 1879 रोजी, हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले त्या दिवशी मानावा. थोडा मजकूर उघड्या जाड कागदावर स्वस्तात पाठवण्याची कल्पना इमॅन्युएल हेरमान या अर्थशास्त्रज्ञाने मांडली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने 1 ऑक्टोबर 1869 रोजी ती अमलात आणली; पुढच्याच वर्षी ब्रिटनने आणि दहा वर्षांत हिंदुस्थान सरकारने तिचा स्वीकार केला. येथील कार्डाची किंमत पाव आणा, म्हणजे जुन्या हिशेबाने एक पैसा ठेवली गेली आणि 1922 पर्यंत ती तशीच राहिली. अर्ध्या आण्याचे पत्र लिहिताना काही कारण लागे. एका पैशाला कारण लागेनासे झाले. 'पोहोचल्याबरोबर कार्ड टाक' हे प्रत्येक निघणाऱ्या माणसाला सांगितले जाऊ लागले, आणि सुखरूप पोहोचल्याचे दोन ओळींचे पत्र हा एक स्वतंत्र उपप्रकारच तयार झाला, ज्यासाठी कित्येक घरांत पत्ता घातलेले कोरे कार्ड जाणाऱ्याच्या सामानात आधीच ठेवले जाई. उत्तर यावेच अशी निकड असेल तेव्हा दोन कार्डे एकत्र जोडलेले जोडकार्ड पाठवत, म्हणजे समोरच्याला पैशाचीही तोशीस पडत नसे.

कार्डाच्या दोन गुणधर्मांनी या लेखनाला आकार दिला. पहिला गुणधर्म जागेचा. मोडीत संक्षेपाची सवय आधीपासून होती. कार्डाने ती कायमची केली आणि 'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष' याचे 'सा. न. वि. वि.', 'अनेक उत्तम आशीर्वाद' याचे 'अ. उ. आ.' आणि मागाहून आठवलेल्या मजकुरासाठी 'ताजा कलम' याचे 'ता. क.' झाले. जन्मदात्यांना 'तीर्थरूप' आणि वडिलांच्या जागी असलेल्या इतरांना 'तीर्थस्वरूप' लिहावे, धाकट्यांना 'चि.' म्हणजे चिरंजीव लिहावे, हे भेद शाळेत शिकवले जात. याच पद्धतीत पत्त्याच्या बाजूवरही 'सौ.' किंवा 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी, लिहून बाईचे सौभाग्य वा वैधव्य टपालखात्यापर्यंत जाहीर केले जाई, हे या पद्धतीचे व्यंगही नमूद केले पाहिजे.

दुसरा गुणधर्म उघडेपणाचा. कार्ड पोस्टमन वाचू शके, आणि जेथे कोणाला अक्षरओळख नव्हती तेथे त्यानेच किंवा शाळामास्तराने ते ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवावे अशी अपेक्षा असे. साहजिकच खुशालीपत्र हे चारचौघांत ऐकण्याचे लेखन बनले. नोकरीसाठी शहरात गेलेला मुलगा कार्ड लिही ते वडिलांच्या नावे. बायकोची चौकशी 'घरची मंडळी' या शब्दांत दडवी. दुखणे, भांडण, पैशाची अडचण यांविषयी 'बाकी भेटीअंती' एवढेच लिही. जे बोलायला मोकळीक उरली ते गाईगुरांचे, पावसापाण्याचे, आंब्याच्या मोहोराचे, 'मोत्या' कुत्र्याच्या खोड्यांचे. पाळीव जनावरांच्या बातम्यांनी मराठी कौटुंबिक पत्रांत एवढी जागा व्यापली याचे कारण जिव्हाळा हे तर आहेच. पण सर्वांसमक्ष वाचता येईल आणि तरी नेमक्या माणसाला घर डोळ्यांपुढे दिसेल अशी ती बातमी होती, हेही तितकेच खरे कारण आहे. तांबू गाय आटली की व्याली हे ऐकताना मुलांना दूध मिळते की नाही हे दूरच्या माणसाला न विचारता कळे.

मुंबईच्या गिरण्यांनी या पत्रांना गती दिली. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून गिरणीत आलेला कामगार गाळ्यात किंवा खानावळीत राही आणि त्याचे कुटुंब गावी असे. टपालखात्याने 1 जानेवारी 1880 पासून मनिऑर्डरचे काम सरकारी तिजोऱ्यांकडून स्वतःकडे घेतले आणि मनिऑर्डरच्या फॉर्मला जोडलेल्या छोट्या कुपनावर दोन ओळी लिहायची सोय झाली. रक्कम कशासाठी, औत कोणाकडून आणावे, गणपतीला रजा मिळते की नाही, सगळ्यांना नमस्कार-आशीर्वाद, एवढे सारे त्या चिठ्ठीएवढ्या जागेत बसवले जाई, आणि पैसे हातात पडल्यावर ते कुपन जपून ठेवले जाई. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीबाहेर लेखनिक बसत. गिऱ्हाइकाचे तुटक बोलणे ऐकून त्याला मायन्याची चौकट घालणे हे त्यांचे कसब होते, आणि पेशव्यांच्या कारकुनाची परंपरा खरे तर त्यांनीच पुढे चालवली.

समुद्रापलीकडची खुशाली लिफाफ्यातून जाई. आनंदीबाई जोशी 1883 साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. त्यांचे पती गोपाळराव हे टपालखात्यातच नोकरीला होते. न्यू जर्सीतील रोझेल येथे ज्यांच्या घरी आनंदीबाई प्रथम उतरल्या त्या थिओडोसिया कार्पेंटर यांच्याशी त्यांची ओळखही आधी पत्रांतूनच झाली होती, आणि त्या पत्रांतच कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या. रक्ताचे नाते नसलेल्या, कधी न पाहिलेल्या बाईशी खुशालीच्या भाषेने असे नाते जोडता येते याचे हे ठळक उदाहरण आहे. आनंदीबाईंच्या पत्रव्यवहाराच्या आधारे काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. पुढे साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने प्रसिद्ध झाली, आणि घरगुती पत्र हे वाङ्मयही होऊ शकते हे वाचकांनी आनंदाने मान्य केले.

स्वातंत्र्यानंतर, 2 ऑक्टोबर 1950 पासून, निळे आंतरदेशीय पत्र आले. पाकिटापेक्षा स्वस्त आणि कार्डापेक्षा खासगी अशा या घडीच्या कागदाने घरातल्या बायकामुलांना प्रथमच स्वतःची जागा दिली: मुख्य मजकूर वडिलांचा, पण घडीच्या पट्टीवर आईच्या चार ओळी आणि कडेने उभ्या अक्षरांत मुलांचे 'आमच्या मांजरीला तीन पिल्ले झाली'. आत काही घालायला बंदी असल्यामुळे सणांना मात्र पाकीटच लागे. संक्रांतीला भेटकार्डाबरोबर हलव्याचे चार दाणे कागदाच्या पुडीत बांधून आणि दसऱ्याला आपट्याचे पान घडी न पडेल अशा बेताने पाठवले जाई. पत्त्यातील गोंधळ निस्तरण्यासाठी 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेला सहा आकडी पिनकोड हे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याचे काम; ते संस्कृतचे नामवंत कवीही होते.

खुशालीपत्राचे रूप इतके पक्के झाले होते की अशुभ वार्तेसाठी ते मोडावे लागे. मृत्यू कळवणाऱ्या कार्डाच्या माथ्यावर 'श्री' नसे, त्याचा एक कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झाल्यावर ते घरात न ठेवता नष्ट केले जाई. बाकीची पत्रे भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या, टोकाशी वाकवलेल्या तारेत टोचून ठेवली जात. सर्वांत जुने तळाशी आणि सर्वांत नवे वर, असा कुटुंबाचा अनेक वर्षांचा वृत्तान्त त्या तारेवर आपोआप लागत असे.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. एसटीडीचे बूथ गावोगावी झाल्यावर खुशाली रात्रीच्या सवलतीच्या दरात तोंडी विचारली जाऊ लागली, तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, आणि आता व्हॉट्सॲपवरच्या कुटुंबाच्या गटात कुत्र्याची छबी व सहलीचे चित्र काढल्या क्षणी पोहोचते. तेथेही वडीलधारे 'सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद' असे लिहितात. 'तागायत' मात्र गेले, कारण खुशालीला तिथीची मर्यादा घालण्याची गरज उरली नाही.

सरदार घराण्यांची दफ्तरे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत जपली गेली, त्यामुळे अठराव्या शतकातील थोरामोठ्यांच्या घरी काय चालले होते हे अभ्यासकांना वाचता येते. गिरणी कामगाराच्या, शिक्षकाच्या, शेतकऱ्याच्या घरच्या कार्डांना असे दफ्तर लाभलेले नाही. घर बदलताना ती रद्दीत जातात. ज्यांच्याकडे अशी तार, पिशवी किंवा ट्रंक अजून आहे, त्यांनी ती टाकून देऊ नये. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर प्रत्येक पत्र कोणी, कोणाला, कोठून लिहिले आणि त्यातला मोत्या वा तांबू कोण, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून पत्रासोबत ठेवावे.