एआय एजंट-जोडणी : आयटी मालमत्ता व क्लाउड खर्च व्यवस्थापनातील

संस्थेची संगणकीय साधने, सॉफ्टवेअरचे परवाने आणि क्लाउडवर भाड्याने घेतलेले सर्व्हर यांच्या नोंदी व खर्च सांभाळणाऱ्या प्रणालीला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एजंट जोडण्याची पद्धत. जोडणीनंतर ‘गेल्या महिन्यात डेटाबेसचा खर्च कशामुळे वाढला?’ असा प्रश्न साध्या भाषेत विचारता येतो. एजंट लागतील त्या नोंदी प्रणालीतून मागवतो, त्यांचा मेळ घालतो आणि उत्तर देतो. अधिकार दिले असतील, तर तो पडून असलेला सर्व्हर बंद करतो किंवा न वापरलेला परवाना काढूनही घेतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी हे खुले मानक प्रसिद्ध केले, त्यानंतर अशा जोडण्या झपाट्याने वाढल्या.

पार्श्वभूमी : आयटी मालमत्ता व्यवस्थापन हे जुने काम. कोणता संगणक कोणाकडे आहे, त्याची वॉरंटी कधी संपते, कोणत्या सॉफ्टवेअरचे किती परवाने घेतले आणि किती यंत्रांवर ते बसवले, याची नोंदवही ठेवणे हा त्याचा गाभा. या कामासाठीच्या आयएसओ/आयईसी १९७७० या मानकमालेचा पहिला भाग २००६ मध्ये निघाला. सॉफ्टवेअर कंपनीची तपासणी आली आणि परवाने कमी भरले, तर मोठी भरपाई द्यावी लागते. त्या धास्तीपोटी ही नोंदवही सांभाळली जाई. परवान्याच्या अटीही बदलत राहतात. ओरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावाचे नवे दर कर्मचारीसंख्येवर बेतले. त्यामुळे जावा किती यंत्रांवर आहे एवढे मोजून भागत नाही. मनुष्यबळ विभागाकडची संख्याही लागते. अशा वेगवेगळ्या कपाटांतल्या नोंदी एकत्र आणण्याच्या कामात एजंटचा खरा उपयोग होतो.

क्लाउडचा खर्च वेगळ्या वळणाचा आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये ताशी १० सेंट भाड्याने सर्व्हर देऊ केले आणि २०१७ मध्ये लिनक्स सर्व्हरची आकारणी सेकंदावर आणली. खरेदी विभागाची सही न लागता अभियंत्याच्या एका आज्ञेने खर्च सुरू होतो आणि वित्त विभागाला तो बहुधा महिनाअखेरीच्या बिलातच दिसतो. अभियंते, वित्त आणि व्यवस्थापन यांनी हा खर्च मिळून पाहावा, या विचारातून फिनऑप्स ही शाखा उभी राहिली. फिनऑप्स फाउंडेशन २०१९ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आले. फ्लेक्सेरा कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत सहभागी संस्थांनी आपला सुमारे २७ टक्के क्लाउड खर्च वाया जात असावा, असे सांगितले. तो त्या संस्थांचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

हे दोन्ही प्रवाह आता एकमेकांत मिसळले आहेत. कार्यालयासाठी घेतलेला डेटाबेसचा परवाना क्लाउडवर वापरला की भाडे कमी होते, म्हणजे परवान्याची वही आणि क्लाउडचे बिल एकत्र वाचावे लागते. फ्लेक्सेराने २०१८ मध्ये क्लाउड व्यवस्थापनाची राइटस्केल आणि २०२४ मध्ये परवाने सांभाळणारी स्नो सॉफ्टवेअर विकत घेतली, आयबीएमने २०२३ मध्ये आयटी खर्च व्यवस्थापनाची ॲप्टिओ घेतली, त्यामागे हेच कारण दिसते.

जोडणीची रचना : एमसीपीपूर्वी प्रत्येक एजंटसाठी आणि प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र जोडकाम करावे लागे. दहा एजंट आणि दहा प्रणाली असतील तर शंभर जोडण्या. आता प्रत्येक प्रणालीने एकदा आपला एमसीपी सर्व्हर लिहिला की मानक पाळणारा कोणताही एजंट तो वापरू शकतो. कल्पना लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवरून घेतलेली आहे आणि निरोपांची देवाणघेवाण जेसन-आरपीसी २.० या पद्धतीने होते. एमसीपी सर्व्हर आपल्याकडची ‘टूल’ म्हणजे करता येण्याजोगी कामे, ‘रिसोर्स’ म्हणजे वाचता येण्याजोगा मजकूर आणि तयार ‘प्रॉम्प्ट’ जाहीर करतो. एजंट आधी टूलची यादी मागवतो, मग हवे ते टूल योग्य तपशील भरून बोलावतो. हा सर्व्हर एजंटच्याच संगणकावर चालत असेल तर संवाद थेट प्रक्रियांमध्ये होतो, दूर असेल तर एचटीटीपीवरून. मार्च २०२५ च्या आवृत्तीत दूरच्या सर्व्हरसाठी ओऑथवर आधारित अधिकारतपासणी आली. त्याच महिन्यात ओपनएआयने हे मानक स्वीकारले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनखालच्या एजंटिक एआय फाउंडेशनकडे सोपवण्यात आले.

एजंटमागच्या भाषा-मॉडेलला मूळ डेटाबेस दिसत नाही. त्याला दिसते ते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा आराखडा. म्हणून वर्णन नेमके लिहिणे हे या जोडणीतले सर्वांत कमी लेखले गेलेले काम आहे. रक्कम डॉलरमध्ये आहे की रुपयांत, करासहित की कराविना, तारखा कोणत्या वेळेनुसार, हे वर्णनात नसेल तर एजंट अंदाज बांधतो आणि तो अंदाज ठाम वाक्यात मांडतो. ठिकाणांच्या नावांतही गफलत होते. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडच्या बिलातले ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे आणि ‘वेस्ट इंडिया’ म्हणजे मुंबई. ॲमेझॉनचा मुंबईतला विभाग, जो २०१६ मध्ये सुरू झाला, बिलात ‘एपी-साउथ-१’ या नावाने येतो. ‘पुण्यातल्या सर्व्हरचा खर्च सांग’ असे विचारणाऱ्याला बरोबर उत्तर मिळायचे असेल, तर ही जुळवणी कुठेतरी लिहिलेली असायला हवी.

बेरीजही मॉडेलवर सोडू नये. मोठ्या संस्थेच्या तपशीलवार बिलात महिन्याला लाखो ओळी असतात; त्या मॉडेलच्या पुढ्यात मावत नाहीत आणि मावल्या तरी त्यांची बेरीज चुकू शकते. हिशेब एमसीपी सर्व्हरने करावा, गटवार आकडे एजंटला द्यावेत आणि एजंटने त्यांचा अर्थ लावावा, ही विभागणी टिकते.

खर्चाचे दोन आकडे : निरनिराळ्या क्लाउड कंपन्यांची बिले निरनिराळ्या रकान्यांत येत. ती एका साच्यात यावीत म्हणून फिनऑप्स फाउंडेशनने फोकस हा आराखडा आखला, त्याची १.० आवृत्ती जून २०२४ मध्ये निघाली. त्यात ‘बिल्ड कॉस्ट’ आणि ‘इफेक्टिव्ह कॉस्ट’ असे दोन वेगळे रकाने आहेत. समजा, एखाद्या संस्थेने एप्रिलमध्ये वर्षभराच्या सर्व्हरक्षमतेसाठी १२ लाख रुपये आगाऊ भरले. पहिल्या रकान्यात एप्रिलमध्ये १२ लाख दिसतील आणि मेपासून शून्य. दुसऱ्यात दरमहा साधारण एक लाख दिसतील. रोकड पाहणाऱ्याला पहिला आकडा हवा, विभागवार खर्च वाटून देणाऱ्याला दुसरा. एजंटने न विचारता पहिला निवडला, तर ‘मे महिन्यात खर्च एकदम घटला’ हे साफ चुकीचे अनुमान पूर्ण आत्मविश्वासाने बैठकीत पोहोचते. उत्तरात कोणता रकाना, कोणता कालावधी आणि कोणती गाळणी वापरली हे लिहिणे सक्तीचे असावे.

माहितीच्या ताजेपणालाही मर्यादा आहे. ॲमेझॉनच्या कॉस्ट एक्सप्लोररमधले आकडे दिवसातून किमान एकदा नवे होतात. आज सकाळी चुकून सुरू राहिलेला सर्व्हर एजंटला लगेच दिसेलच असे नाही. शिवाय कॉस्ट एक्सप्लोररच्या एपीआयला केलेल्या प्रत्येक विनंतीला एक सेंट लागतो. माणूस दोन-चार वेळा विचारतो. एजंट एकाच प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या अंगांनी विचारतो. उत्तरे काही काळ साठवून ठेवली नाहीत, तर खर्च शोधण्याचाच खर्च वाढतो.

मालक कोण : या सगळ्यातला कळीचा प्रश्न हा आहे आणि तो एजंट सोडवू शकत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या जमिनीसारखी क्लाउडवरची कितीतरी साधने पडून असतात. भाडे चालू असते, पण ती कोणाची हे सांगणारा कोणी नसतो. त्यासाठी ‘टॅग’ लावतात : विभाग, प्रकल्प, जबाबदार व्यक्ती. टॅगमध्ये लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक धरला जातो, त्यामुळे दोन तऱ्हांनी लिहिलेला एकच विभाग दोन विभाग होऊन बसतो. ॲमेझॉनमध्ये तर टॅग खर्चाच्या अहवालात यावा म्हणून तो आधी चालू करावा लागतो. टॅग नसेल तर एजंट साधनाच्या नावावरून किंवा ते कोणी सुरू केले या नोंदीवरून तर्क करतो. पण ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदसेवेत वेगळी साठवण केली नसेल, तर मागे जाऊन ९० दिवसांपर्यंतच पाहता येते. असा तर्क ‘तर्क’ म्हणूनच दाखवला पाहिजे. मालमत्तेची वही नीट नसलेल्या संस्थेने एजंट जोडण्याआधी ती वही नीट करावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्या क्रमाने गेल्यास एजंटचा लाभ वाढतो.

एखादे साधन ‘निकामी’ ठरवतानाही हीच अडचण येते. अशी साधने सुचवणारा ॲमेझॉनचा कॉम्प्युट ऑप्टिमायझर मूळ मांडणीत मागच्या १४ दिवसांचा वापर पाहतो. ३१ मार्चच्या वर्षअखेरीच्या हिशेबासाठी राखलेला किंवा आपत्तीसाठी सज्ज ठेवलेला सर्व्हर त्या १४ दिवसांत झोपलेलाच दिसणार. तो का ठेवला आहे हे वापराच्या आलेखात नसते, माणसांना ठाऊक असते.

अधिकार व सुरक्षा : वाचण्याचे आणि बदलण्याचे अधिकार वेगळ्या खात्यांवर ठेवणे हा पहिला नियम. एमसीपीमध्ये एखादे टूल ‘फक्त वाचणारे’ आहे अशी खूण देता येते, परंतु ती केवळ सूचना आहे. खरे कुलूप क्लाउडच्या अधिकारव्यवस्थेतच लावावे लागते. सगळ्यांसाठी एकच प्रशासकीय किल्ली एजंटला दिली, तर जे कर्मचाऱ्याला स्वतः पाहता आले नसते ते तो एजंटकडून काढून घेऊ शकतो. विचारणाऱ्याच्या ओळखीनेच प्रत्येक विनंती जावी.

दुसरा धोका प्रॉम्प्ट इंजेक्शनचा. टॅग, यंत्राचे नाव, तक्रारीच्या तिकिटातला मजकूर हे सगळे एजंट वाचतो, आणि त्यात कोणी आज्ञा लिहून ठेवली तर मॉडेल तिला बळी पडू शकते. मालमत्तेच्या वहीत कोणत्या यंत्रावर सॉफ्टवेअरची कोणती जुनी आवृत्ती आहे हेही असते. घुसखोराला याहून चांगला नकाशा मिळणार नाही. म्हणून ही वही वाचणाऱ्या एजंटला बाहेर ईमेल पाठवण्याचे किंवा अनोळखी संकेतस्थळ उघडण्याचे टूल देऊ नये. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस राखावे लागतात. एजंटने बोलावलेल्या प्रत्येक टूलची नोंदही त्याच शिस्तीत ठेवणे शहाणपणाचे.

कृतींमध्ये परत फिरवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या असा भेद करतात. थांबवलेला सर्व्हर बहुधा पुन्हा सुरू होतो, तरी त्याच यंत्राला जोडलेल्या तात्पुरत्या साठ्यातली माहिती जाते. प्रत न काढता पुसलेली डिस्क परत येत नाही. तीन वर्षांच्या वापराची हमी देणारा सेव्हिंग्ज प्लॅन घेणे म्हणजे तर लांबचा आर्थिक करार. शेवटच्या दोन्हींवर माणसाची मंजुरी हवीच, आणि ती देणाऱ्याला एजंटचा सारांश न दाखवता मूळ साधनाची नोंद दाखवायला हवी.

एजंट चालवण्याचा खर्चही याच वहीत येतो. मॉडेलची आकारणी टोकनांवर होते, आणि मे २०२५ मधल्या फोकस १.२ आवृत्तीत टोकन व क्रेडिट यांसारख्या आभासी चलनांतील बिलांसाठी रकाने जोडले गेले. त्यामुळे एजंटने वाचवलेली रक्कम आणि त्याने स्वतः खर्चलेली रक्कम एकाच तक्त्यात मांडता येते.