पाण्यातल्या एल्फांची कुळकथा

देवाने मासा घडवला, मग माणूस घडवला, तेव्हा "हा श्वास कुठून घेणार?" असं त्याला आडवं विचारणारं कुणी नव्हतं. हल्लीच्या सृष्टिकर्त्यांचं नशीब एवढं चांगलं नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळणारी मंडळी आठवड्याला एक नवी जमात जन्माला घालतात आणि टेबलाभोवती बसलेले चार मित्र वीस बाजूंचा फासा खुळखुळवत तिची उलटतपासणी घेतात. खाते काय? झोपते कुठे? मंत्रांची पोथी भिजत नाही का? ब्रह्मदेवाला हे प्रश्न आले असते तर सृष्टी अजून कच्च्या आराखड्यातच राहिली असती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या कोकणातल्या दशावतारात जशी लिखित संहिता नसते, पात्रं जागच्या जागी संवाद रचतात, तसंच हे. एक जण सूत्रधार, बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. फरक एवढाच, की दशावतारात संकासुर मरणार हे आधीपासून ठरलेलं असतं आणि इथे ते फासा ठरवतो. या पात्रांमध्ये 'एल्फ' नावाची एक मानाची जात आहे. टोकदार कान, शेकडो वर्षांचं आयुष्य, हातात धनुष्य आणि चेहऱ्यावर 'आम्ही तुमच्यातले नाही' असा भाव. आपल्या यक्ष-गंधर्वांचे हे लांबचे नातलग समजा.

माझा या प्रांतात शिरकाव झाला तो भाच्यामुळे. "मामा, मला पाण्यात राहणारे एल्फ बनवायचेत," तो म्हणाला. "सोपं आहे. कल्ले लावायचे आणि निळा रंग द्यायचा."

आता, भिंतीला निळा रंग द्यायचा तरी आपण आधी जुने पोपडे खरवडतो. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्याआधी या पाण्यात बरेच जण उतरून गेलेत, त्यांनी काय केलं ते तर बघ. त्याने पाहिलं की नाही देव जाणे. मी मात्र पाहत बसलो, आणि एक मजेशीर गोष्ट ध्यानात आली. पाण्यातली माणसं ज्यानं ज्यानं रचली, त्यानं त्यानं त्यांच्या खात्यातून काहीतरी वजा केलं. एकाने आत्मा कापला, एकाने जीभ कापली, एकाने अक्कल कापली. पूर्ण हिशेब कुणी चुकता केला नाही.

मुळात एल्फ पाण्यातले नव्हेतच. आइसलंडचा पंडित स्नोरी स्टुर्लुसन याने १२२० च्या सुमारास नॉर्स पुराणं लिहून काढली, तेव्हा एल्फांच्या दोन जाती सांगितल्या. उजळ एल्फ आल्फहाइममध्ये राहणारे, काळे एल्फ जमिनीखाली राहणारे. पाण्याचं नाव नाही. पाण्यातली मंडळी वेगळ्या खात्यात मांडली ती पॅरासेल्सस या स्विस वैद्याने. हा गृहस्थ १५४१ मध्ये वारला आणि त्याचा या विषयावरचा ग्रंथ १५६६ मध्ये बाहेर आला. त्याने चार महाभूतांना चार प्रकारचे रहिवासी वाटून दिले. हवेत सिल्फ, मातीत ग्नोम, आगीत सॅलमँडर आणि पाण्यात उंडीन. या उंडीन दिसायला माणसासारख्या, बोलायला माणसासारख्या, फक्त त्यांना आत्मा नाही. तो हवा असेल तर माणसाशी लग्न करायचं! म्हणजे हुंड्याची पद्धत पाण्याखाली होतीच, फक्त हुंडा वराकडून यायचा आणि तो आत्म्याच्या रूपात यायचा. १८११ मध्ये फुके या जर्मन लेखकाने त्यावर एक हृदयद्रावक कथा लिहिली. १८३७ मध्ये हान्स अँडरसनची छोटी जलपरी आली. तिला जमिनीवर यायचं होतं. तिकीट काय, तर जीभ. वर प्रत्येक पावलाला सुऱ्यांवर चालल्याच्या वेदना. आपल्याकडे दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्याला ही अट फारशी नवी वाटणार नाही.

आमच्या मातीत मात्र हिशेब उलटा आहे. विहिरीच्या काठाला, नदीच्या डोहाला साती आसरा असतात. 'आसरा' म्हणजे अप्सराच, आणि अप्सरा या शब्दाचा मूळ अर्थच पाण्यात संचार करणारी. त्यांना आत्मा आहे की नाही याची चौकशी करण्याची आपल्या आज्यांची छाती नव्हती. त्यांना हिरव्या बांगड्या वाहायच्या, ओटी भरायची आणि मुलांना डोहापासून लांब ठेवायचं. वजाबाकी व्हायची ती जमिनीवरच्या माणसाची. पाण्यात राहणाऱ्याला अर्ज करायला न लावणारी ही व्यवस्था मला जास्त सभ्य वाटते.

टोल्किनने सागरवेड्या एल्फांचा एक सबंध वंशच लिहिला, तेलेरी नावाचा. पण हे लोक समुद्राकाठी राहतात, गाणी म्हणतात, हंसाच्या आकाराची जहाजं बांधतात. चौपाटीवर फिरायला जाणाऱ्या मुंबईकरासारखं त्यांचं समुद्रावर फार प्रेम. पण मुक्काम कोरड्यावर. त्यांची सविस्तर हकिकत 'सिल्मरिलियन'मध्ये आहे. ते पुस्तक टोल्किन गेल्यावर चार वर्षांनी, १९७७ मध्ये छापलं गेलं.

आणि त्याच १९७७ मध्ये खऱ्या अर्थाने पाण्यात बुडी मारणारे एल्फ छापून आले. गंमत अशी, की ते जन्मले अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या गावी. गावाला तळं झकास आहे, पण समुद्र हजार किलोमीटरच्या आत नाही. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचा एक गृहस्थ राहायचा. आधी विमा कंपनीत जोखमीचे आकडे मांडायचा. ती नोकरी गेल्यावर काही दिवस त्याने जोडे दुरुस्त केले. मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसनबरोबर त्याने १९७४ मध्ये हा खेळ बाजारात आणला. पहिल्या हजार पेट्या घरीच हाताने भरल्या होत्या. खेळात पानोपानी कोष्टकं का, हे मला विम्याची नोकरी कळल्यावर कळलं. ड्रॅगन अंगावर आला तर दगावण्याची शक्यता किती, हे विमावाल्याखेरीज कोण इतक्या शांतपणे सांगणार?

१९७५ मध्ये आर्नेसनच्या नावावर 'ब्लॅकमूर' ही पुरवणी निघाली. तिच्यात पाण्याखालच्या साहसांचे नियम आले आणि 'सहुआगिन' नावाचे शार्कप्रेमी दुष्ट मत्स्यमानवही आले. हे जलचर स्टीव्ह मार्श या तरुण खेळाडूच्या डोक्यातून निघाले. खलनायक आधी आला, म्हणजे नायक लागणारच. हिंदी सिनेमात सहसा उलट होतं. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये जलएल्फ दाखल झाले. हिरवट रुपेरी कातडी, हिरवे केस, गळ्याशी कल्ले, डॉल्फिनशी दोस्ती, शार्क आणि सहुआगिनांशी हाडवैर. कोळी लोकांशीही यांचं पटत नाही, कारण जाळी. यात मला कोळ्यांची बाजू ऐकायला आवडली असती. आणखी एक झकास तपशील आहे. जलएल्फांच्या वस्तीजवळ राहणाऱ्या सहुआगिनांच्या पोटी कधी कधी हुबेहूब एल्फासारखं दिसणारं पोर जन्मतं आणि मोठेपणी हेर होतं. म्हणजे शेजारी खरा शेजारीच आहे ना, ही शंका पाण्याखालच्या सोसायट्यांतही आहे.

पण पुस्तकाचं नाव पुन्हा वाचा. मॉन्स्टर मॅन्युअल! राक्षसांची डिरेक्टरी! जमिनीवरचा एल्फ १९७४ पासून खेळाडूचं पात्र होता. तुम्ही 'मी एल्फ' म्हणून बसू शकत होता. त्याच्या पाण्यातल्या चुलतभावाची मुख्य नोंद मात्र राक्षसांच्या यादीत. जवळ खजिना कोणत्या प्रकारचा सापडेल, हेही सोबत लिहिलेलं. ज्याच्या नावापुढे 'मारल्यावर काय मिळेल' असा रकाना असतो, त्याला पंगतीत बसवत नाहीत, हे सांगायला नको.

मग हळूहळू सुधारणा झाल्या. १९८२ मध्ये रॉजर मूर या लेखकाने 'ड्रॅगन' मासिकात एल्फांचे देव मांडले, त्यात पाण्यातल्यांना डीप सॅशेलस नावाचा स्वतंत्र देव मिळाला. खूण अर्थातच डॉल्फिन. 'ड्रॅगनलान्स' या कथाविश्वात तर दोन पोटजाती निघाल्या. उथळ पाण्यातले पाणमांजर होऊ शकतात, खोल पाण्यातले डॉल्फिन. दोन माणसं जमली की पोटजात पडते, हे फक्त आपल्याकडेच नाही, एवढाच दिलासा. पुढे २००३ च्या नियमांत जलएल्फाला चपळाईचे दोन गुण अधिक आणि बुद्धीचे दोन गुण उणे! शिवाय पाण्याबाहेर किती वेळ, तर काटकपणाच्या प्रत्येक गुणाला एक तास. सामान्य प्रकृतीला दहा गुण, म्हणजे दहा तास. नंतर गुदमरायचं. कर्जतहून फोर्टात नोकरीला जाणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा. संध्याकाळची लोकल ठाण्याला रखडली की एल्फ संपला.

"इतका वेळ बास झाला की," भाचा म्हणाला. मी म्हटलं, अरे, मित्रांबरोबर सात दिवसांच्या वाटेवर निघायचं आणि रोज संध्याकाळी टब शोधायचा, याला मैत्री म्हणत नाहीत, डायलिसिस म्हणतात.

शेवटी २०१८ मध्ये 'मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज' या पुस्तकाने तो काटा काढला. समुद्री एल्फ हवेतही श्वास घेतो, पाण्यातही घेतो, माशांशी साध्या गोष्टी बोलतो, भाला, त्रिशूळ, जाळं चालवतो. हो, जाळंसुद्धा! आणि खात्यातून वजा काही नाही. पॅरासेल्ससपासून साडेचारशे वर्षं लागली.

मात्र वजाबाकी मिटली म्हणजे रचना संपली, असं भाच्याने समजू नये. खरी मजा आता सुरू होते. एक लिटर हवेत जेवढा प्राणवायू असतो, त्याच्या साधारण तिसावा हिस्सा एक लिटर पाण्यात विरघळलेला असतो. म्हणजे ऊबदार रक्ताच्या माणसाला कल्ले लावायचे तर ते गळ्याशी नाजूकपणे मावणार नाहीत, रग पांघरल्यासारखे दिसतील. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीसेक पट वेगाने ओढून नेतं, म्हणजे सडपातळ एल्फ बाद, सील माशासारखा गुबगुबीत एल्फ पास. लाल रंग दहा-एक मीटरवरच दिसेनासा होतो, म्हणजे तिथल्या नववधूचा शालू काळा. आवाज पाण्यात सेकंदाला दीड हजार मीटर धावतो, तेव्हा शेजारच्या आळीतलं भांडण स्वयंपाकघरात ऐकू येणार. आणि स्वयंपाकघर तरी कसलं? विस्तव नाही! विस्तव नाही म्हणजे फोडणी नाही, हे दुःख आहेच. पण भट्टीही नाही. भट्टी नाही तर त्रिशुळाचं लोखंड आलं कुठून? जमिनीवरच्या भावकीकडून. झालं! एका विस्तवापायी व्यापार आला, उधारी आली, मिंधेपणा आला, सोयरीक आली आणि भांडणही आलं. जमात कल्ल्यांनी होत नाही, गरजेने होते. एल्फ झोपत नाहीत, चार तास ध्यान लावतात असं नियम सांगतो. डॉल्फिन अर्धा मेंदू एका वेळी झोपवतो. ही दोस्ती मात्र कुणी न ठरवता जुळून आलेली आहे.

ज्या २०१८ मध्ये समुद्री एल्फांना पंगतीत पान मांडलं, त्याच वर्षी 'सेल' या विज्ञान नियतकालिकात एक निबंध आला. आग्नेय आशियात बजाऊ नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर, होड्यांत आणि खांबांवरच्या घरांत राहतात. लाकडी चौकटीचे गॉगल लावून, एका श्वासात खोल जाऊन मासे मारतात. इंडोनेशियातल्या बजाऊंची प्लीहा शेजारच्या जमिनीवरच्या लोकांपेक्षा सुमारे पन्नास टक्के मोठी निघाली. बुडी मारल्यावर प्लीहा आकसते आणि साठवलेलं प्राणवायूचं रक्त अंगात सोडते. सृष्टिकर्त्याने इथे खरंच गुण वाढवून दिले होते, कोष्टक न छापता.

वजाबाकी केली ती माणसांनी. मलेशियाच्या साबा राज्यात याच बजाऊंपैकी कितीतरी जण कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत. कागद नाही म्हणून मुलाला सरकारी शाळा नाही. जून २०२४ मध्ये सेंपोर्नाच्या समुद्रात त्यांच्या शेकडो माणसांची घरं सरकारी माणसांनी पाडली. कुठले तुम्ही, या प्रश्नाला 'पाण्यातले' हे उत्तर फॉर्मात बसत नाही. तिथे रकाना असतो गावाचा आणि पिनकोडचा.

तेव्हा पाण्यातली नवी जमात रचणाऱ्या समस्त भाचेमंडळींना माझा फुकटचा सल्ला आहे. रंग निळा द्या, हिरवा द्या, कल्ले गळ्याशी लावा नाहीतर बगलेत लावा. पण त्याआधी ती मंडळी किनाऱ्यावर येतील तेव्हा त्यांना काय विचारलं जाईल, ते ठरवा. श्वासाचं काहीतरी जमून जातं. रेशनकार्डाचं अवघड असतं.